पोळ्यांचं टोपलं

हिंगोलीच्या एका शाळेत मी मराठी शिकवते. समानार्थी शब्दांच्या प्रश्नात ‘देणे’ आलं की पोरं डोळे झाकून ‘दान करणे’ लिहून मोकळी होतात, आणि गाईडातही तेच उत्तर असल्यामुळे मला निमूटपणे गुण द्यावे लागतात. दरवर्षी माझं डोकं फिरतं. अरे, घरी जाऊन आईला तरी विचारा. देवाला फूल देत नाहीत, वाहतात. नैवेद्य दाखवतात. जोगवा मागायला आलेल्या बाईला पीठ वाढतात, गाईला घास घालतात, ओटी भरतात, आहेर करतात, संक्रांतीला वाण लुटतात. पिकाला पाणी देतात, पण गल्लीला सोडतात. लेक मात्र देतात, आणि शिवीही देतात. सरकारी पैशाची तर तऱ्हाच न्यारी. तिथे देणारा कुठे दिसतच नाही. निधी मंजूर होतो, निधी येतो, पडून राहतो आणि मार्चअखेरीला परतही जातो, जसा काही तो कुणाचा रुसलेला पाहुणा आहे.

वर्गात हे सांगताना मला मोठी मजा यायची. पोरंही हसायची. गेल्या चैत्रापासून मी हा धडा उरकून टाकते.

माझं माहेर सेनगाव तालुक्यात, साखऱ्यापासून थोडं आत गेलं की लागतं. आईवडील गेले, आता तिथे माझा थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांची एकुलती लेक, म्हणजे माझी भाची, एवढीच माणसं. भाचीचं लग्न वाशीमकडच्या एका घरी ठरलं होतं आणि तारीख अक्षय तृतीयेच्या मागेपुढे धरली होती. लग्नाच्या आधी, चैत्रात, गावात मारुतीच्या देवळात सप्ताह असतो आणि हनुमान जयंतीला काला होतो. काल्याला मी दरवर्षी जाते. मागच्या वर्षी वहिनीचा फोन लवकर आला. “ताई, यंदा दोन दिवस आधी या. हाताला माणूस न्हाई.”

मला नवल वाटलं. काल्याच्या दिवशी आमच्या अंगणात हाताला माणूस नाही असं कधी झालं नव्हतं. आमच्या गावात महाप्रसादाची भाजी आणि बुंदी देवळापुढे शिजते, पण पोळ्या घराघरातून येतात. ज्याची जशी ऐपत तसे घरचे गहू, घरच्या चुलीवर. मग सकाळी एक ट्रॅक्टर गल्लीगल्लीतून फिरतो. ट्रॉली धुतलेली असते, तिच्यात पांढरी धोतरं अंथरलेली असतात. तो दारापुढे थांबतो, घरची बाई टोपलं पुढे करते, वरची माणसं ते दोन्ही हातांनी घेतात. गावातलं लग्नही असंच निभतं. लग्नघर पीठ वाटतं आणि गाव पोळ्या करून आणतं. आचारी लावून पोळ्या करून घेतल्या असं आमच्या गावात अजून कुणी केलेलं नाही. कुणावर ती वेळच येत नाही.

म्हणजे येते, पण तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. काही वर्षांपूर्वी वेशीजवळच्या एका माणसाने आपल्या बांधावरून रस्ता काढू द्यायला नकार दिला होता. त्या वर्षी काल्याचा ट्रॅक्टर त्याच्या दारापुढून न थांबता गेला. त्याची बायको टोपलं घेऊन उंबऱ्यात उभी होती, ती तशीच उभी राहिली. कुणी तिला काही बोललं नाही, कुणी भांडलं नाही. पुढच्या वर्षी ट्रॅक्टर थांबला, टोपलं उचललं गेलं आणि दुपारच्या आत त्याच्या बांधावर मुरूम पडला. सही नाही, कागद नाही. टोपलं उचललं म्हणजे त्याने दिलं, हे सगळ्या गावाला कळलं आणि त्यालाही.

मी पोचले तेव्हा भाऊ ओट्यावर बसला होता. मला पाहून म्हणाला, “बाई, आली का? बरं झालं.” आणि पुन्हा गल्लीकडे बघत बसला. एवढंच. माझा भाऊ बडबड्या माणूस. एसटीतून उतरल्यापासून हळदीचा भाव, सोयाबीनचा दाणा, तहसीलमधली गर्दी, सगळं ऐकवल्याशिवाय तो मला पाणीही पिऊ देत नाही.

झालं होतं ते असं. देवळाला लागून आमचं खळं आहे. खळ्यात बोर मारलेली आहे आणि उन्हाळ्यात गावातल्या बाकीच्या बोरांनी मान टाकली तरी तिला पाणी असतं. भाऊ तिच्यावर हळद काढतो. शिवाय लाईट आली की सकाळ-संध्याकाळ कॉक फिरवून गल्लीच्या तोटीला पाणी सोडतो. आमच्या दारापासून गल्लीच्या टोकाला असलेल्या पिंजाऱ्यांच्या घरांपर्यंत सगळे त्यावरच हंडे भरतात. देऊळ मंडळाला आता सभामंडप बांधायचा होता आणि त्यासाठी खळं हवं होतं, बोरसकट.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे आमच्या वडिलांचे चुलतभाऊ. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. आवाज कधी चढवणार नाहीत. मी लहान असताना मला खांद्यावर बसवून जत्रेत नेलेलं आहे त्यांनी. ते पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, “जागा दे.” भावाने सांगितलं, “आबा, मंडपाला लागती तेवढी घ्या. फकस्त बोर अन् तिच्यापुरता तुकडा राहू द्या.” दुसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, “सोडून दे आता.” तिसऱ्यांदा नारळ घेऊन आले. “वाहून टाक देवाला. देवाला अर्धं देत असतेत का?” वहिनीने मला हे चुलीपुढे बसून सांगितलं. क्रियापद दर खेपेला बदलत गेलं होतं. पहिल्या वेळी भाऊ देणारा होता, दुसऱ्या वेळी अडवून बसलेला झाला आणि तिसऱ्या वेळी तर ती जागा देवाचीच होती, फक्त त्याच्याकडून वाहायची राहिली होती. मला त्या घटकेला भीती वाटली. शब्द असे सरकायला लागले की मागून माणसं सरकतात हे मी पाहिलेलं आहे.

“आमी काही जबरदस्ती करून राहिलो का?” आबा उठता उठता म्हणाले होते. “तुझी खुशी असंल तरच.”

मी भावाला विचारलं, “तू बोर काहून अडवून बसलास? मंडळाची झाली तरी पाणी गावालाच भेटंल ना?” माहेरी गेलं की माझी शाळेतली मराठी एसटीतच राहते.

“भेटंल,” तो म्हणाला. “आज मी कॉक फिरवतो म्हणून टोकाच्या घरापस्तोर पाणी जातं. उद्या कॉक मंडळाच्या हातात. कोणाला सोडायचं अन् कोणाला न्हाई, ते ठरवतील. आताच इचारून राहिले, पार पिंजाऱ्यांपस्तोर कशाला नेतो म्हणून.”

तो बरोबर होता, आणि त्याचं बरोबर असणं आम्हाला परवडणारं नव्हतं.

ते दोन दिवस फार वाईट गेले. कुणी काही बोललं असतं तर मी बोलले असते. माझी जीभ तशी सैल आहे. पण कुणी काही बोललंच नाही. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्गणीदारांचे फोटो येत होते, लोक हात जोडत होते, आणि भावाने काही टाकलं की त्याखाली शुकशुकाट. समोरच्या घरची बाई मला पाहून हसली, पण ओटा उतरून आली नाही. वहिनी म्हणाली, पोळ्या लाटायला येता का म्हणून ती पाच-सहा घरी विचारून आली होती. कुणाच्या सुनेला ताप होता, कुणाकडे पाहुणे होते. प्रत्येकीचं कारण खरं वाटेल असं होतं. वाशीमकडून व्याह्यांचा फोन आला, इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “गावात समदं बराबर हाय ना?” भाऊ म्हणाला, “व्हय व्हय, बराबर हाय.” फोन ठेवल्यावर तो घाम पुसत होता. आतल्या खोलीत लग्नाच्या गव्हाची पोती एकावर एक लावलेली होती. ते गहू दळून घरोघरी जायचे होते. ट्रॅक्टर आपल्या दारी थांबला नाही तर ते पीठ कोण घेणार, हा एकच प्रश्न घरात होता. तो कुणी मोठ्याने विचारत नव्हतं.

काल्याच्या दिवशी आम्ही तिघी पहाटेच उठलो. वहिनीने तवा धरला, भाची आणि मी लाटायला बसलो. वहिनी पोळी अशी भाजत होती की एकीवरही काळा डाग नको. तिने टोपल्यात आपली जुनी चोळीच्या रेशमी खणाची घडी अंथरली होती. दरवर्षी साधा पंचा असतो. तिला वाटत होतं की पोळ्या चांगल्या झाल्या तर ट्रॅक्टर थांबेल. मलाही तसंच वाटायला लागलं होतं, खोटं कशाला सांगू?

ऊन अंगणात आलं तसा देवळावरचा भोंगा सुरू झाला. देणगीदारांची नावं. कुणी बुंदीची साखर दिलेली, कुणी तेलाचे डबे, कुणी मंडपासाठी सिमेंट. नावं ऐकता ऐकता आम्ही लाटत होतो. मग भावाचं नाव आलं, वडिलांच्या नावासकट, पुढे श्रीमान लावून. “यांनी मंदिरालगतची खळ्याची जागा, बोरसहित, मारुतीरायाच्या चरणी स्वखुशीने अर्पण केलेली आहे. समस्त गावकऱ्यांतर्फे त्यांचे आभार.” मग टाळ्या. भोंग्यातून टाळ्या फार वेळ ऐकू आल्या.

भाऊ गोठ्यातून आला. कडब्याची पेंढी हातात तशीच होती.

“मी कव्हा दिली?” त्याने आम्हाला विचारलं. जसं काही आम्हाला ते माहीत असणार होतं.

तव्यावरची पोळी जळाली. वहिनीने ती उचलून बाजूला टाकली आणि दुसरी घातली. मला ते सगळं आता लख्ख दिसायला लागलं. ट्रॅक्टर जाणार नव्हता. थांबणार होता. दोन दिवस आम्ही ज्याला घाबरत होतो ते टळलं होतं आणि त्याच्या जागी दुसरं दारात येऊन उभं राहत होतं. टोपलं उचललं की झालं. आणि नाही म्हणावं, तर आख्ख्या गावाने ऐकलेलं दान देवाच्या पायावरून उचलून घेणारा माणूस म्हणून भाऊ जन्मभर ओळखला जाणार. जे कधी दिलंच नाही ते परत घेतल्याचा बोल त्याच्यावर येणार होता. आबांच्या त्या मऊ आवाजाचा मला इतका संताप आला की हातातलं लाटणं फेकून मारावंसं वाटलं.

ट्रॅक्टर गल्लीत वळल्याचा आवाज आला. प्रत्येक दारापुढे थांबत, घरघरत येत होता. वहिनी उठली, हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि टोपल्यापाशी उभी राहिली. भावाकडे न बघता म्हणाली, “देऊन टाका हो. पोरीचं लगीन हाये.”

भाऊ टोपल्याकडे बघत राहिला.

ट्रॅक्टर थांबला. आबा स्वतः पुढे बसले होते, ते खाली उतरले. नवं धोतर, कपाळाला बुक्का. भावाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “लई मोठं काम केलं, बाबा. तुझा बाप असता तर छाती फुगली असती त्याची.” वरची माणसं हसतमुख होती. एकाने हात खाली केले. “वैनी, आणा टोपलं.”

वहिनी वाकली, पण त्याआधी भाचीने टोपलं उचललं. ते कडेवर घेऊन ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. तिचे केस पिठाने पांढरे झाले होते.

“आबा,” ती म्हणाली, “ह्या पोळ्या आमच्याकडून हायेत. जागा आमी दिली न्हाई. पोळ्या तेवढ्या घेता का?”

मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला.

आबा रागावले नाहीत. “पोरी, तुझ्याच भल्याचं करून राहिलो,” ते म्हणाले.

“पोळ्या घेता का?”

वरच्या माणसाने खाली केलेले हात हळूच मागे घेतले. शेजारच्या ओट्यांवर बाया आपापली टोपली घेऊन उभ्या होत्या आणि सगळ्या जमिनीकडे बघत होत्या. आबांनी पुढे होऊन टोपल्यावरचं फडकं सारखं केलं. एका कोपऱ्यातून पोळी दिसत होती, ती झाकली. मग भाचीला हात जोडले, जसे देवळातून निघताना जोडतात, आणि जाऊन ट्रॅक्टरवर बसले. ट्रॅक्टर पुढच्या दारापुढे थांबला. तिथली बाई माझ्या बरोबरीची, आम्ही एका वर्गात होतो. तिने तोंड फिरवून टोपलं वर दिलं.

त्या दिवशी आम्ही महाप्रसादाला गेलो नाही. बोलावणं आलं नाही आणि आम्हाला जाववलंही नसतं. भोंग्यावर काल्याचं कीर्तन चालू होतं, लोक हसत होते, मग पंगती बसल्याचा गलका आला. आमच्या पोळ्या टोपल्यात तशाच होत्या. दुपार उलटल्यावर भावाने त्या थोड्या थोड्या करून बैलांना घातल्या. वहिनीने खणाची घडी झटकून पेटीत ठेवली. व्याह्यांचा फोन वाजला, तो कुणी उचलला नाही.

संध्याकाळी लाईट आली. भाऊ नेहमीसारखा उठला आणि खळ्यात जाऊन मोटर चालू केली, कॉक फिरवला. मी म्हटलं, “आज कशाला?” तो म्हणाला, “लोकाच्या घरात पाणी न्हाई, बाई.”

तोटीला पाणी आलं. एरवी तोपर्यंत हंड्यांची रांग लागलेली असते, बाया एकमेकींच्या नंबरावरून भांडत असतात. त्या दिवशी तोटीपाशी कुणी नव्हतं. पाणी दगडावर पडलं, गल्लीच्या नालीत गेलं आणि नाली भरून रस्त्यावर यायला लागलं. चैत्रातलं पाणी. समोरच्या घरची सून हंडा घेऊन बाहेर आली, दोन पायऱ्या उतरली. आतून कुणीतरी तिला हाक मारली. ती तशीच वळली आणि दार लागलं.

टोकाच्या घरचे म्हातारे पिंजारी चाचा येताना दिसले तेव्हा मला हायसं वाटलं. आमच्या घरातल्या सगळ्या गाद्या त्यांच्या हातच्या. पण त्यांच्या हातात हंडा नव्हता. पाण्यातून चपला वाचवत ते भावापाशी आले.

“भाऊ, दिल छोटा करू नका,” ते हळू आवाजात म्हणाले. “तुमी आमच्यासाठी केलं, आमाला मालूम हाये. पण आमालाबी ह्याच गावात राहायचं हाये.”

भाऊ म्हणाला, “काही तकलीफ न्हाई, चाचा.” चाचा गेले. भावाने कॉक बंद केला नाही. लाईट जाईपर्यंत पाणी वाहत राहिलं आणि आम्ही ते बघत ओट्यावर बसून राहिलो. मला वर्गात शिकवलेले सगळे शब्द आठवत होते, आणि एकही उपयोगाचा नव्हता. देणारा कसा देतो, याचे शब्द आपल्याकडे ढिगाने आहेत. घेणाऱ्याने हात मागे घेतल्यावर देणाऱ्याचं काय होतं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

वहिनी आत होती. मी तिला बघायला उठून गेले. ती गव्हाच्या पोत्यांपाशी बसली होती. मला वाटलं रडत असेल, पण ती रडत नव्हती. वरच्या पोत्याचं तोंड सोडून तिने मूठभर गहू हातात घेतले होते आणि दुसऱ्या हाताने त्यातले खडे वेचत होती.

“ताई,” तिने मान वर न करता विचारलं, “तुमच्या हिंगोलीत पोळ्या इकत भेटतात का हो?”

“भेटतात,” मी म्हटलं.